लांडग्याच्या पानावर हरकत

पुस्तक छापून आलं तेव्हा मला वाटलं, झालं काम. तर प्रकाशकाचा फोन आला. म्हणाला, "आजी, आता पुस्तक घेऊन हिंडावं लागेल. लोकांसमोर बोलावं लागेल." मी म्हटलं, "म्हणजे म्हैस मीच पाळायची आन् बाजारात कासरा धरून मीच उभं ऱ्हायचं?" तो म्हणाला, "बरोबर समजलात."

माझी शाळा चौथीपर्यंत. पुस्तक मी वहीत लिहिलं आणि सुनेनं ते मोबाईलवर उतरवलं. सून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वहीत काय होतं? घर, शेरडं, सासू, दुष्काळात खाल्लेल्या भाज्या. आणि एक लांडगा.

सगळी भानगड त्या लांडग्याची, म्हणून तो आधी सांगते. माझ्या लग्नाला दोनेक वर्षं झाली होती. तिन्हीसांजेची वेळ, पुरुष माणसं मळ्यात, घरात मी आणि माझी थोरली जाऊ. स्वयंपाकघराला लागूनच शेरडांचा गोठा. लांडगा आत शिरला, शेरडं ओरडायला लागली. चुलीवर पिठलं रटरटत होतं. पुस्तकात लिहिलंय की मी ती कढई उचलली, गोठ्यात गेले आणि पिठलं लांडग्याच्या तोंडावर फेकलं. लांडगा केकाटत पळाला.

खरं असं की कढई जावेनं उचलली. मी धान्याच्या रिकाम्या कणगीत उडी मारून बसले होते.

वहीत मी असं का लिहिलं? लिहिताना मी सुनेला तोंडानं सांगत होते. "मग काय झालं, आई?" असं म्हणून ती डोळे मोठे करून बघायला लागली. त्या डोळ्यांपुढं मला कणगीत बसवेना. पुढं ते छापलं गेलं. जावेला वाचता येत नाही, म्हणून मी निर्धास्त होते.

पहिला कार्यक्रम सुनेच्या शाळेत. पोरांना दुष्काळाच्या भाज्यांशी काही देणंघेणं नव्हतं. एक पोरगी उठली, "आजी, लांडगा केवढा हुता?" मी हात पसरून दाखवला. "एवढाच?" म्हणाली. मी हात आणखी पसरले.

दुसरा घोडेगावला, बाजाराच्या दिवशी. सून म्हणाली, तिथं गर्दी असते. गर्दी होती, पण ती म्हशींना बघायला आलेली. एका कडबावाल्याच्या शेजारी गोणपाट टाकून आम्ही पुस्तकं मांडली. एक व्यापारी आला, त्यानं पुस्तक उचललं, पाठीवरून हात फिरवला, पानं उघडून आत बघितलं.

"दाती किती?" म्हणाला, दात बघून म्हशीचं वय विचारावं तसं.

मी म्हटलं, "नवंच हाय, अजून दूध पितंय."

"मारकं हाय का?"

"वाचलं तर कळंल."

तो हसला आणि पुढच्या म्हशीकडं गेला. पण त्या बोलण्यानं माणसं जमली, मग मी लांडगा काढला. त्या दिवशी लांडगा वासराएवढा झाला. पिठल्याला मात्र हात लावला नाही. पिठलं होतं तेवढंच ठेवलं. खोटं बोलायलाही काही रीत असते.

बाजारात आमच्या गावच्या बाया होत्या. त्यांनी चक्कीवर दळण टाकता टाकता जावेच्या कानावर घातलं, "तुमच्या धाकलीनं लांडगा हाकलला म्हणं, पिठलं मारून."

जाऊ दळणाचा डबा तिथंच टाकून माझ्या दारात आली. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, यायला वेळ लागत नाही.

"धाकले, कढई कुणी उचलली?"

मी म्हटलं, "आगं बाई, पुस्तकात असंच असतंय. थोडं इकडं, थोडं तिकडं."

"थोडं इकडं? सगळंच तुझ्याकडं गेलं की!" तिनं डावा हात माझ्या नाकापुढं धरला. तिचा तळवा आणि अंगठा त्या दिवशी कढईनं भाजला होता. अंगठ्यावर रेघ म्हणून उरली नाही, नुसती गुळगुळीत कातडी. रेशनच्या मशिनला तो अंगठा आजपर्यंत ओळखता आलेला नाही, दुसरं बोट लावावं लागतं. "ह्यो काय तुझ्या कणगीत भाजला व्हय?"

चुकले असं म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही.

दुसऱ्या दिवशी ती तलाठ्याकडं गेली. आमच्याकडं जमिनीच्या कागदावरून कुणाचं नाव वगळलं तर तलाठ्याकडं हरकत घेतात. तिच्या हिशेबी हेही तसंच होतं. कागद छापला आणि तिचं नाव उडवलं. तलाठी म्हणाला, "आजी, पुस्तकाची नोंद माझ्याकडं न्हाई होत." ती म्हणाली, "मग कुठं व्हती?" त्याच्यापुढं दहा माणसं उभी होती. सुटका करून घ्यायला तो म्हणाला, "जिथं पुस्तकाचा कार्यक्रम असंल तिथं जावा आन् हात वर करा." तो गंमत करत होता. तिनं ते कायदा म्हणून घेतलं.

त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलायची बंद झाली. रोज दुपारी आम्ही दोघी ओट्यावर बसून मिश्री लावायचो. डबी तिची, बोट माझं. आता ती ओट्याच्या तिच्या टोकाला, पाठ माझ्याकडं करून बसायची. मी माझी वेगळी डबी आणली. मिश्री तीच, दुकान तेच. पण लावावीशी वाटेना. चाळीस वर्षं जिच्याशी भांडले ती पाठ करून बसली की माणूस कुणाशी बोलणार? सुनेशी भांडता येत नाही, ती समजावून सांगते.

तिसरा कार्यक्रम तालुक्याच्या वाचनालयात. शाल, नारळ, हार. पाहुणे माझ्यावर अर्धा तास बोलले. त्यांनी पुस्तक वाचलं नव्हतं हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. मी उठले. "एकदा लांडगा आला," एवढंच म्हटलं आणि तिसऱ्या ओळीत एक हात वर झाला. डावा. जाऊ एसटीनं आली होती, नवं लुगडं नेसून.

"माझी हरकत हाय."

पाहुणे म्हणाले, "प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ."

"प्रश्न न्हाई, हरकत हाय," जाऊ म्हणाली. "ह्या पानावर माझं नाव न्हाई."

सगळं वाचनालय माझ्याकडं बघायला लागलं. सून मान खाली घालून बसली. म्हातारी येडी आहे असं मी म्हटलं असतं तर लोकांनी मानलं असतं. शाल माझ्या अंगावर होती. पण मग ओट्यावरची ती पाठ जन्माची झाली असती. आणि तो हात अजून वरच होता.

मी म्हटलं, "हरकत बरोबर हाय. कढई तिनं उचलली."

"मग आजी, तुम्ही कुठं होता?" पाहुण्यांनी विचारलं.

"कणगीत."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, झाकण डोक्यावर ओढून घेतलं तेही. तळाशी थोडे हुलगे उरले होते, ते आठवडाभर माझ्या लुगड्यातून निघत होते. लोक हसून हसून खुर्च्यांवरून कलले. पाहुणेही हसले. मी शाल काढली आणि तिसऱ्या ओळीत जाऊन जावेच्या खांद्यावर टाकली.

ती म्हणाली, "शाल ऱ्हाऊ दे. नोंद कर."

वाचनालयात शिक्क्याची शाई होती, ती मागवली. त्या दिवशी जेवढी पुस्तकं लोकांनी घेतली तेवढ्यांत पहिल्या पानावर माझी सही आणि लांडग्याच्या पानावर तिचा अंगठा. अंगठा कसला, निळा डाग. पण तिनं तो प्रत्येक पानावर जपून उठवला. घाई करणाऱ्याला म्हणाली, "थांब बाबा, मशिनला उठत न्हाई, कागदावर उठतोय."

परतीच्या एसटीत तिनं डबी काढून माझ्यापुढं धरली. बोलली मात्र घर आल्यावर, "पुढचा कार्यक्रम कुठं हाय?"

पुढचा बेलापूरला होता, महिला मंडळात. ह्यावेळी लांडग्याचं तिनंच सांगावं असं ठरलं. ती उभी राहिली, पदर खोचला आणि म्हणाली, "त्या दिवशी दोन लांडगे आले."

मी हात वर केला. "माझी हरकत हाय. एकच हुता."

"बस खाली," ती म्हणाली. "तू कणगीत हुतीस. तुला काय दिसणार?"

मी बसले.