राखाडी पट्टीचा रंग

आमच्या भिवंडीवरून जाणारी वसई–दिवा लाईन इंटरनेटवरच्या, कुणीही दुरुस्त करू शकेल अशा त्या ज्ञानकोशात राखाडी होती. प्रत्येक स्टेशनच्या लेखात, उजव्या चौकटीत, त्या लाईनीच्या रंगाची एक पट्टी असायची. आमची राखाडी, म्हणजे रंग अजून ठरलेला नाही अशी. मला ते बघवत नसे.

मी तेव्हा कॉलेजात होते. घरी ब्रॉडबँड नवंच आलं होतं. टोपणनावाने मी तिथल्या इंग्रजी लेखांतले स्वल्पविराम दुरुस्त करायचे, पण संपादक जिथे बदलांवर बोलतात त्या चर्चापानावर कधी एक शब्द लिहिला नव्हता. वर्गातही मी हात वर करत नसे. एकदा कुणाला न विचारता आमची पट्टी हिरवी केली. तासाभरात ती परत राखाडी झाली आणि चर्चापानावर एका अनोळखी संपादकाने लिहिलं: हा हिरवा दुसऱ्या लाईनीसारखाच दिसतो. वेगळा रंग सुचवा, कारण द्या. रविवारपर्यंत कुणी बोललं नाही तर राखाडीच राहील.

म्हणजे मलाच बोलावं लागणार होतं.

पप्पा डाईंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या कारखान्यात, रंगमास्तर. शुक्रवारी डाईंग बंद, त्यामुळे ते घरीच होते. मी त्यांना स्क्रीनवर तीन रंग दाखवले.

“ट्यूबखाली शेड पास करतात का बाय? उजेडात घे.”

“पप्पा, हा कॉम्प्युटर आहे.”

“मग? धर त्या बाजूनं.”

एक्स्टेंशन बोर्ड जोडून आम्ही तो अवजड मॉनिटर दारात स्टुलावर आणून ठेवला. उन्हात स्क्रीन काळीठिक्कर. पप्पा वाकून, कपाळावर हात धरून बघत राहिले.

“यात तर मीच दिसतोय.”

समोरच्या काकी ओट्यावरून ओरडल्या, “इकायला काढला काय?”

“न्हाय काकी, रेल्वे रंगवतोय!”

मी दाराआड.

मॉनिटर आत आला तरी पप्पा हटेनात. “एकेक रंग काय दाखवतेस? एकटी शेड कुणालाही बरी दिसते. शेजारी कोण हाय ते दाखव.”

मग मी सगळ्या लाईनींच्या पट्ट्या एकाखाली एक लावल्या आणि मध्ये आमची. माझा लाडका जांभळा निळ्याशेजारी पार विझला. पप्पा बोट ठेवत गेले, “हा मेला. हा पण मेला.” शेवटी उरला चॉकलेटी. मला तो मुळीच आवडत नव्हता.

“आवडायला तुला ड्रेस शिवायचाय काय?” पप्पा म्हणाले.

चर्चापानावर मी अकरा ओळी लिहिल्या, नऊ पुसल्या. उरल्या त्या इतक्याच: चॉकलेटी सुचवते. बाकी सगळ्या रंगांशेजारी ठेवून पाहिला, कुणातच मिसळत नाही. बटण दाबलं आणि उगाचच कणीक मळायला गेले.

परत आले तर त्याच संपादकाचं उत्तर होतं: चांगला आहे, पण थोडा उजळ करूया का?

उजळ करून पाहिला. तो दुसऱ्या लाईनीच्या केशरीकडे सरकत होता. ‘ठीक आहे’ लिहून सुटता आलं असतं. मी लिहिलं, नाही. खाली कारण दिलं, दोन्ही पट्ट्या जोडल्या आणि खुर्चीतच बसून राहिले.

रविवारी संध्याकाळी आमच्या स्टेशनची पट्टी चॉकलेटी झाली.

“ऐकलं त्यानं?” पप्पांनी विचारलं.

“ऐकलं.”

“मग चहा टाक. आणि काकींना पण बोलाव, रेल्वे रंगली म्हणावं.”

मी ओट्यावर गेले आणि काकींना हाक मारली.