तारेच्या आतली वाट

कुत्रं चावलं नाही, म्हणजे काही झालंच नाही, असं सगळ्यांचं म्हणणं होतं. माझ्या सासूबाईंचा उजवा हात मनगटात मोडला होता, कोपरापर्यंत प्लास्टर होतं, आणि बघायला येणारं माणूस दारातूनच विचारायचं, "चावलं कुठं?" चावलं नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा पडायचा, जसं काय आम्ही त्याला उगीच चक्कर मारायला लावली.

सासूबाईंचं नाव भामाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. काष्टीच्या अलीकडं शेतात आमची लहानशी वस्ती आहे. वस्तीवरून गावाकडं जायला एकच वाट, बैलगाडी जाईल एवढ्या रुंदीची. आत्या लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या वाटेनं खुरपायला, कांदा लावायला, शनिवारी बाजाराला जातात. बायांची टोळी त्याच जमवतात. बोलायला फटकळ. एका बागायतदारानं पिण्याच्या पाण्याचा हंडा भर उन्हात ठेवला, तर कांद्याचं रोप तसंच वाफ्यात टाकून सगळ्या बाया घेऊन परत आल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी वाटेच्या कडेची जमीन पुण्याच्या एका शेठनं घेतली. राधाकृष्ण त्यांचं नाव. बंगला बांधला, हिरवळ लावली, पण कुंपण घातलं नाही. भिंतीनं समोरचं शिवार झाकलं जातं म्हणे. मग रॉटवायलर जातीचं एक कुत्रं आणलं. काळं, वासराएवढं. नाव सीझर. ते मोकळं सुटायचं म्हणून शेठनी जमिनीत तार पुरून घेतली. काष्टीचा वायरमन वाल्मिक चर खणत होता, तेव्हा आम्हाला वाटलं पाण्याची पाइपलाइन असेल. त्यानंच मग समजावून सांगितलं. जमिनीत तार, बंगल्याच्या भिंतीवर मशीन, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा. कुत्रं तारेजवळ आलं की पट्टा वाजतो. तरीही पुढं सरकलं तर मानेला झटका बसतो.

"आन् तार कुठं हाय ते आमाला कसं कळायचं?" आत्यांनी विचारलं.

शेठ तिथंच उभे होते. हसून म्हणाले, "तुम्हाला कळायची काय गरज? त्याला कळलं म्हणजे झालं."

सुरुवातीला हिरवळीच्या कडेनं लाल झेंड्या लावल्या होत्या, कुत्र्याला हद्द शिकवायला. ते धावत यायचं आणि झेंड्यांपाशी थबकायचं. एकदा झटका बसून असं केकाटलं की आत्याच कळवळल्या. पुढं झेंड्या काढल्या. कुत्रं तरी तिथंच थांबायचं. बायांना धडकी भरायची, पोरं वाटेच्या पार पलीकडच्या कडेनं चालायची, पण हळूहळू सवय झाली. ते भुंकत यायचं आणि हिरवळ संपली की उभं राहायचं.

उन्हाळ्यातल्या एका शनिवारी आत्या बाजारातून एकट्याच येत होत्या. डोक्यावर पिशवी. कुत्रं नेहमीसारखं धावत आलं. थांबेल म्हणून त्यांनी पावलं भरभर उचलली नाहीत. ते थांबलं नाही. हिरवळ ओलांडून थेट वाटेवर, त्यांच्या अंगावर आलं. आत्या मागं सरल्या, गाडीच्या चाकोरीत पाय अडकला आणि त्या हातावर पडल्या. तोंडावर वाफ येईल इतक्या जवळ उभं राहून ते भुंकत होतं. बंगल्यातल्या गड्यानं येऊन त्याला ओढून नेलं, तोवर वांगी-टोमॅटोचा चेंदा झाला होता.

माझे मालक सम्राट जाब विचारायला गेले. शेठनी त्यांना पायरीवरच उभं केलं.

"चावला का तुमच्या आईंना?"

"न्हाई, पण हात मोडलाय."

"मग त्या पडल्या असं म्हणा ना. आणि हे बघा, तारेबाहेर तो जातच नाही. त्याच आत आल्या असतील."

सम्राट तोंड पाडून परत आले. गावातली चार मोठी माणसं तेच बोलली. बंगल्याच्या आवारात कशाला शिरायचं? एकानं तर, काही उचलायला गेली होती का, असंही विचारलं. आमच्या सासूबाईंना! दुसऱ्याच्या बांधावरचं लिंबूसुद्धा विचारल्याशिवाय न तोडणाऱ्या बाईला!

त्या रात्री आत्या जेवल्या नाहीत. हात ठणकतोय का म्हणून मी विचारलं, तर म्हणाल्या, "हाताला लागू दे आग. मी वाटंवरून चालले हुते, सायली. वाटंवरून."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना दवाखान्यातून घेऊन येत होते, तर वाल्मिक हिरवळीच्या कडेला उकिडवा बसून पट्ट्याची बॅटरी बदलत होता. कुत्रं मागं साखळीला. आत्या थांबल्या. माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

"वाल्मिक, त्यो पट्टा दे."

"कशाला मावशी? करंट बसंल."

"वरनं धरते. दे म्हन्ते ना."

त्यानं बंगल्याकडं बघितलं, मग झटका देणारी टोकं कुठली आहेत ते दाखवून पट्टा त्यांच्या डाव्या हातात दिला. एव्हाना शेठ व्हरांड्यातून खाली उतरले होते. कामावरून येणाऱ्या बायाही मागं जमल्या होत्या.

आत्या हिरवळीच्या कडेला उभ्या राहिल्या. जिथं झेंड्या होत्या, बरोबर तिथं. पट्टा गप्प. वाटेवर आल्या, गप्प. दोन्ही चाकोऱ्या ओलांडल्या, तरी गप्प. वाटेपलीकडच्या कडुलिंबाखाली पोचल्या तेव्हा पट्टा टीट-टीट वाजायला लागला.

आत्यांनी पट्टा वर धरला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"सांगा शेठ. मी तुमच्या आवारात आले, का तुमी आमच्या वाटंवर आला?"

शेठ म्हणाले, "असं ओरडू नका. आमच्याकडं झाड नाही, उन्हात सीझरला धाप लागते. म्हणून उन्हाळ्यापुरती तार लिंबापर्यंत वाढवली. त्यात एवढं काय?"

म्हणजे त्यांना माहीत होतं! वाल्मिकनं नंतर सांगितलं, आत्या पडल्या त्याच्या आदल्या दिवशी, आम्ही सगळ्या कामावर असताना, तार वाटेखालून पलीकडं नेली होती. कुत्र्याला सावली मिळावी म्हणून. आणि हे माहीत असूनही त्यांनी सम्राटना पायरीवरून हाकललं होतं.

"सावली पायजे हुती तर मांडव घालायचा," आत्या म्हणाल्या. "जन्माची वाट हाय ही आमची. एका शब्दानं सांगितलं का कुनाला?"

"बरं, उद्या बघू."

"उद्या न्हाई."

आत्या वाटेच्या मधोमध खाली बसल्या. त्यांच्या मागं एकेक बाई बसत गेली. मीही बसले. शेठनी दोन-तीन फोन केले. ज्यांना केले त्यांतल्या एकानं येऊन लांबूनच बघितलं आणि गाडी वळवली. शेवटी त्यांनी वाल्मिकला नुसती मान हलवून खूण केली. अंधार पडायच्या आत तार उपसून वेटोळं झालं होतं.

आता तार हिरवळीच्या आत आहे आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीची रेघ आहे. रेघ आत्यांनी मागून घेतली. शेठ म्हणाले, दिसायला वाईट दिसते. आत्या म्हणाल्या, मग तिकडं बघू नका. माफी मात्र त्यांनी आजतागायत मागितली नाही. गड्याच्या हाती फळांची करंडी पाठवली होती, ती आत्यांनी दारातूनच परत केली.

प्लास्टर निघालं, पण मनगट पुरतं वळत नाही. खुरपं धरवत नाही. टोळी अजून त्याच जमवतात, फोनवरून. बाया कामाला जातात आणि त्या मागं राहतात. बाजाराला निघाल्या की मी सोबत असते. बंगला जवळ आला, कुत्रं भुंकत सुटलं, की रेघ समोर दिसत असूनही त्यांचा पाय अडखळतो. हे मला दिसलं हे त्यांना कळू नये म्हणून मी कांद्याच्या भावाचं काहीतरी बोलत राहते आणि आतल्या आत जळत असते.