लाईट आली की सुनंदाताई

सुनंदाताई फोनवर आधी स्वतःचं काम कधीच सांगायची नाही. वळ गावातल्या आमच्या गोदामातले बाकीचे लोक मला फोन करायचे ते भांडायलाच. "महेश, तुझं नेट परत गेलं," असं म्हणायचे, जसं काही मीच ते खिशात घालून नेलं होतं. कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाच्या नशिबी हेच. सुनंदाताई मात्र विचारायची, "जेवलास का?" हो म्हटलं तर, "काय जेवलास?" मग माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी. आणि फोन कशासाठी आलाय ते मी पार विसरलो की हळूच, "तुटलंय बघ परत. सवडीनं जोड." तोंडानं सवडीनं म्हणायची आणि तिकडे गेटवर गाड्या उभ्या असायच्या.

ती गेटपास काढायची. माल भरलेली गाडी तिच्या गेटपासाशिवाय हलायची नाही, त्यामुळे ड्रायव्हरांचा सगळा राग तिच्या खिडकीवर निघायचा. ती शांतपणे बाटली पुढे करायची. "भैया, पहले पानी पियो, फिर चिल्लाओ." पाणी पिऊन कोणाला ओरडायला जमतं? बहुतेक जण बाटली परत देताना घरच्या गोष्टी सांगत बसायचे.

एकदा लोडिंगच्या सुपरवायझरशी माझं वाजलं आणि बोलणंच बंद झालं. ताईनं दोघांना एका डब्यावर जेवायला बसवलं. मधे तांदळाच्या भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी. म्हणाली, "भांडा की, पण खाताना. तोंड भरलेलं असलं की आवाज चढत न्हाय." मी म्हटलं, मी एकदा हाक मारली होती, त्यानं वळून पाहिलं नाही, आता मी का बोलू? "एकदा न्हाय ऐकलं तर परत मारायची. जीभ झिजते का तुझी?" त्या जेवणात आम्ही बोललो, चटणी मागण्यापुरतं का होईना.

मग तिच्या सासूला अर्धांगवायू झाला. टेमघरच्या घरात माणसं तीनच. दाजी, म्हणजे ताईचा नवरा, दिवसपाळीला लूमवर, कापडाच्या यंत्रमागावर. म्हातारीला भरवायला, कुशीवर वळवायला ताईशिवाय कोणी नाही. साहेबांनी घरून काम करायची परवानगी दिली, पण अट घातली. कनेक्शन तुटून गाड्या अडल्या, तर ऑफिसला यायचं, नाहीतर नोकरी सोडायची. ऑफिसला आली असती तर म्हातारीकडे कोण बघणार, आणि नोकरी गेली असती तर दाजींच्या एकट्याच्या पगारात औषधपाणी भागलं नसतं.

ताईनं धामणकर नाक्यावरून एक जुना कॉम्प्युटर घेतला. मी त्यावर व्हीपीएन टाकून दिलं, म्हणजे तिच्या घरापासून ऑफिसच्या सर्व्हरपर्यंतचा आमचा खासगी, बंद रस्ता. कॉम्प्युटर सुरू झाला की तो आपोआप जोडला जाईल, अशी सोयही केली. तरी तुटायचं. टेमघरला लाईट गेली की शेजारच्या गल्लीतले लूम एकदम गप्प होतात, आली की खडखडाट सुरू. प्रत्येक वेळी ताई म्हातारीजवळून उठून कॉम्प्युटरकडे धावायची.

एके दिवशी तिचा फोन आला आणि तिनं जेवलास का विचारलंच नाही. "महेश, गेटवर किती गाड्या हायत रे?" म्हातारीला अंघोळ घालत होती, हात सोडता येत नव्हता, मधे लाईट जाऊन आली होती आणि कनेक्शन तसंच तुटलेलं राहिलं होतं. साहेबांनी बजावलं, या वेळी सोडतो, परत एकदा जरी झालं तरी दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला.

गाड्या सोडवायला ऑफिसात दुसऱ्याला बसवलं आणि मी शेअर रिक्षानं टेमघर गाठलं. घोळ लक्षात आला. लाईट आली की ताईला आधी कॉम्प्युटरचं बटण दाबावं लागायचं. तो सुरू व्हायचा, पण नेटचा डबा, म्हणजे राउटर, मागाहून जागा व्हायचा. कॉम्प्युटर एकदा जोडून बघायचा, नेट मिळायचं नाही, की बसला गप्प. मी दोन गोष्टी केल्या. लाईट आल्यावर कॉम्प्युटर स्वतःहून चालू होईल असं केलं. आणि व्हीपीएन लागेपर्यंत दर मिनिटाला परत जोडून बघायचं, मधेच तुटलं तरी परत बघायचं, असं काम त्याला नेमून दिलं.

ताईला हे समजावून सांगितलं तर हसली. "म्हणजे आधी तुझ्यासारखा होता. एक हाक मारून रुसून बसणारा."

मेन स्विच बंद करून चालू केला. ताई म्हातारीला धरून बसली होती, जागची हलली नाही. कॉम्प्युटर टूं करून उठला. पहिल्यांदा नाही लागलं. दुसऱ्यांदा नाही. मग लागलं. ताई पदर तोंडाला लावून रडली. मलाही राहवलं नाही.

त्यानंतर तिच्यापायी एकही गाडी अडली नाही. ऑफिसात माझ्या स्क्रीनवर तिच्या नावापुढे हिरवा ठिपका असायचा. मधेच जायचा, जरा वेळानं परत यायचा. तो आला की मला बरं वाटायचं.

वाटलं होतं, म्हातारी आधी जाईल. गेली ताई. तापाचं निमित्त झालं आणि हातची निघून गेली.

तेरावं झाल्यावर एका दुपारी तिच्या नावापुढे हिरवा ठिपका आला. मी खुर्चीवरून उठलोच. मग आठवलं, टेमघरला लाईट आली असणार.

साहेब म्हणाले, तिचं खातं बंद कर आणि कॉम्प्युटरमधलं आपलं सगळं काढून ये. मी गेलो. म्हातारीजवळ आता दाजी बसून असायचे, लूमचं काम सोडलं होतं. म्हातारीची जीभ जड, पण शब्द कळले. "लाईट आली की हिचा कॉम्प्युटर वाजतो. मला वाटतं, बसली कामाला. बंद नको करू, बाबा."

ऑफिसातलं ताईचं खातं मी बंद केलं. घरच्या कॉम्प्युटरमधून ऑफिसचं जे होतं ते काढलं. व्हीपीएन आणि त्याचं दर मिनिटाला हाक मारायचं काम तेवढं राहू दिलं.

आता टेमघरला लाईट आली की माझ्या स्क्रीनवर लाल ओळ उमटते. सुनंदा, प्रवेश नाही. मिनिटानं परत तीच. साहेबांनी विचारलं, हे काय सारखं? म्हटलं, असू द्या, आत कोणी येत नाही.

ती ओळ दिसली की मी दाजींना फोन लावतो. लाईटचं, म्हातारीचं मागाहून. आधी विचारतो, "जेवलात का?"