आतोबांची धोतरं

माझी आत्या रोह्याला दिलेली. तुरुंगातल्या बायांबद्दलचं तिचं मत सगळ्या आळीला पाठ होतं. "बसल्या जागी फुकटचं खातात. त्यांची कसली दया करायची गो?"

मग एका उन्हाळ्यात नळाला पाणी येईना, म्हणून आळीतल्या बायका रिकामे हंडे घेऊन कचेरीवर गेल्या. साहेबांच्या टेबलावर हंडा आपटण्यात आत्या सगळ्यांच्या पुढे. बाकीच्यांनी माफी लिहून दिली. आत्या म्हणाली, "आधी पाणी द्या, मग माफी लिवते." तिला सहा दिवस आत ठेवलं.

वडील आणि मी पेणहून रोह्याला धावलो. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, स्टोपुढे बसून रडत होते. आम्हाला वाटलं, बायकोसाठी. तर म्हणाले, "साखर कुठं ठेवलीय, ते विचारायचं राहिलं हो."

आत्या सुटून आली तेव्हा शेजारणी हळहळायला जमल्या. "किती वाळलीस गो!" आत्या तसूभरही वाळली नव्हती.

"माझी कीव नको," ती म्हणाली. "मला सहा दिवस आयतं ताट मिळालं. पण तिथं अकरा बायांना एक बादली. पाळी आली तर चिंधी नाय. एकीला दोन वर्षं झाली, खटला उभा नाय, भेटायला कोण येत नाय."

"तिनं केलं काय होतं?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"नवऱ्याला मारलं म्हणतात."

"आणि तू तिच्या शेजारी निजलीस?"

"व्हय. पहिल्या रात्री तिनंच आपली सतरंजी मला दिली. सोता निजली फरशीवर."

मग आत्या उठली, ट्रंक उघडली आणि आतोबांची तीन धोतरं टराटरा फाडली.

"अगो, ती लग्नाकार्याची!" आतोबा ओरडले.

"पायजमा घाला."

त्या चिंध्यांच्या घड्या आणि साबणाच्या वड्या घेऊन ती दर महिन्याला तुरुंगात जाऊ लागली. एकदा काकूही नव्या चपला घालून गेल्या, नवरा मारणारी बाई दिसते तरी कशी ते बघायला. मी तेव्हा सुट्टीत रोह्यालाच होते.

संध्याकाळी काकू परतल्या. पायांत त्या चपला नव्हत्या.

"कशी होती हो?" आतोबांनी विचारलं.

"कशी असणार? माझ्या धाकट्या जावेसारखी."

"आणि चपला?"

"वाटेत तुटल्या," म्हणाल्या आणि पाय धुवायला मोरीकडे गेल्या.