अव्वा झोपल्यात

वळसंगचा प्रभु हत्तुरे आचारी म्हणून दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फात चाललाय, ही बातमी गावात आली तेव्हा निम्म्या लोकांना ती थाप वाटली. तो सोलापुरात एका कॉलेजच्या मेसमध्ये स्वयंपाक करायचा. जाहिरात बघून त्यानं अर्ज केला आणि खरंच त्याची निवड झाली. त्याची आई पार्वतम्मा शेवटपर्यंत नको म्हणत राहिली. निघायच्या दिवशी ती त्याच्याशी बोलली नाही, उंबऱ्यात बसून शेंगा फोडत राहिली. "अव्वांचा राग उतरंल की. तुमी जावा," बायको दानेश्वरी म्हणाली.

ध्रुवाकडचा उन्हाळा संपला, जहाज परत फिरलं आणि बर्फातल्या संशोधन केंद्रात वीसेक माणसं उरली. पुढचे कित्येक महिने तिथं ना जहाज येणार होतं ना विमान. सुरुवातीला सगळे एका टेबलावर हसतखेळत जेवायचे. हळूहळू जागा ठरल्या. कोण कुणाशेजारी बसत नाही, हेही ठरलं. एक शास्त्रज्ञ मचमच आवाज करत खातो म्हणून दुसरा ताट घेऊन खोलीत जायला लागला. लोणच्याच्या बरणीवरून दोन शिकलेली माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलली नाहीत. प्रभु सगळ्यांना हसत वाढायचा. त्याच्या स्वयंपाकघरात मात्र कुणीही येऊन बसायचं.

बसवजयंतीला त्यानं होळग्या, म्हणजे पुरणपोळ्या केल्या. सगळे आले, पण मान वर करून कुणी बोलेना. एकजण डोळे पुसत उठून गेला. प्रभुला वाटलं, पुरण बिघडलं.

त्या दिवसापासून तो आत आला की बोलणं थांबायला लागलं. त्याच्या खोलीत राहणारा जनरेटरचा मेकॅनिक शहाजी उगाच त्याची कामं करून द्यायचा, भांडी घासायचा, पण नजर टाळायचा. रविवारी प्रभु घरी फोन लावायचा तेव्हा दानेश्वरी म्हणायची, "अव्वा झोपल्यात." पुढच्या वेळी अव्वा देवळात गेलेल्या असायच्या. मग शेतात. मग पुन्हा झोपलेल्या.

"अजून राग हाय व्हय तिचा?" त्यानं एकदा विचारलं.

"व्हय," दानेश्वरी म्हणाली आणि फोन कापला गेला.

मग सूर्य उगवायचाच बंद झाला. बाहेर सतत वारा आणि अंधार. प्रभुच्या डोक्यात एकच घोळायला लागलं. ही माणसं माझ्याबद्दलच बोलतात. मला काढायचं ठरवतायत. नाहीतर मला काहीतरी झालंय, इथल्या डॉक्टरनं यांना सांगितलंय आणि माझ्यापासून लपवलंय. तो भिंतीला कान लावायला लागला.

एकदा शहाजी स्वयंपाकघरात चहाच्या ग्लासात चमचा वाजवत बसला होता. प्रभु दारात आला तसा त्याचा चमचा थांबला. प्रभुनं जाऊन त्याची कॉलर धरली.

"माझ्या मागं काय चाललंय तुमचं? सांग!"

"सोड, प्रभु."

"सांगतोस का न्हाई?"

"तुझी आई गेली!" शहाजी ओरडला. "बसवजयंतीच्या आधीच गेली. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे."

केंद्राचे प्रमुख धावत आले. दानेश्वरीनंच त्यांना फोनवर हात जोडून सांगितलं होतं, की ह्यांना येता तर येणार न्हाई, मग कळवू नका. "आणि खरं सांगायचं तर मलाही धीर झाला नाही," ते म्हणाले. "इथं एकजण खचला की बाकीचे टिकत नाहीत. त्यात तू सगळ्यांना जेवू घालणारा."

प्रभु शेगडीवरची डाळ ढवळत राहिला. एकट्यानं रडायला जागा नव्हती. बाहेर जाणं म्हणजे मरण, आणि खोलीत शहाजी.

त्यानंतर तो कुणाशीच बोलेना. वेळेवर रांधायचा, वाढायचा, निघून जायचा. त्या गप्प राहण्याची बाकीच्यांना भीती वाटायला लागली. दोघातिघांनी त्याच्या हातचं सोडलं, पाकिटातलं खायला लागले. सुऱ्या कपाटात कुलूपबंद झाल्या. कांदा चिरायचा तरी त्याला सुरी मागून घ्यावी लागायची. आईची बातमी लपवली, त्यापेक्षा हे जास्त लागलं, असं तो नंतर सांगायचा. एका जेवणाला कुणीच ताट पुढं करेना, तेव्हा शहाजी उठला, पहिलं ताट वाढून घेतलं आणि सगळ्यांसमोर उभ्यानंच जेवला. मग बाकीचे आले.

विमान आलं आणि प्रभु वळसंगला परतला. शेताच्या कडेला लिंगायत रीतीनं आईला पुरलं होतं. तिथल्या मातीवर एव्हाना गवत उगवलं होतं. तो तिथं बसला. दानेश्वरी मागं उभी होती.

"सांगितलं असतं तर तितं काय केलं असतं तुमी?"

"रडलो असतो की."

"एकटंच?"

"ती समदी होती की तितं. त्यांच्यासंगं रडलो असतो. तू त्यांना माझ्यापासून तोडलंस."

फोनवर प्रत्येक रविवारी दानेश्वरीनं ते खोटं कसं रेटलं, हे तो विचारेल असं तिला वाटलं होतं. त्यानं विचारलं नाही.

मेसची नोकरी त्यानं पुन्हा धरली, पण टिकली नाही. दोन माणसं त्याला बघून बोलायची थांबली की तो हातातलं काम टाकून चालू लागायचा. आता अक्कलकोट रोडला त्याची छोटी खानावळ आहे. तो आत रांधतो, दानेश्वरी बाहेर वाढते. गिऱ्हाइकांसमोर तो येत नाही. शहाजीशी मात्र फोनवर तासभर बोलतो. त्याच्यावर त्याचा राग नाही. दानेश्वरीवरचा गेलेला नाही, आणि तो जाणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे.

ती माहेरी गेली, की प्रभु व्हिडिओवरच फोन लावतो. "एकेकाला म्होरं आण," म्हणतो. ती मुकाट्यानं फोन घेऊन घरभर फिरते. म्हातारे सासरे, मेहुणा, लेकरं, सगळ्यांचे चेहरे तो बघून घेतो. कुणी झोपलेलं असलं, तर तिला त्याला उठवावं लागतं.