फुलोऱ्यातला प्राणी आणि आबांचा पाय

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माले गावच्या शाळेत सातवीत असताना मी एकदा माझ्या वडिलांना वर्गाच्या दारात तासभर उभं करून ठेवलं... आणि तेही मुकाट्याने उभे राहिले!

झालं असं, की गुरुजींनी परागकणांचा धडा शिकवला आणि मातीकामाच्या तासाला सांगितलं, जगात नसलेला प्राणी करा. त्याला पिल्लं कशी होतात तेही तुम्हीच ठरवा. बाकीच्यांनी पंखवाले बैल वगैरे केले. मी मात्र खरंच डोकं लढवलं.

माझे प्राणी एका जागी पाय रोवून उभे. पोटाखाली तुरे, तुऱ्यांवर हळदीची पूड. वारा सुटला की एकाची पूड उडून दुसऱ्याच्या पाठीवरच्या खळग्यात पडणार आणि तिथे पिल्लू धरणार... वेलाला भोपळा धरतो तसं. असे सहा केले आणि दाराशी ओळीने मांडले.

अकराच्या सुमाराला आबा, म्हणजे माझे वडील, शाळेत आले. माझं नाव काढायला. घरी गुरांकडे बघायला माणूस नव्हतं, आणि मुलीला एवढं शिकवलं हेच त्यांच्या मते फार झालं होतं. सकाळी मी रडून बघितलं होतं, उपयोग शून्य.

ते उंबऱ्याच्या आत पाय टाकणार, तेवढ्यात मी ओरडले, "आबा, थांबा! फुलोऱ्यात हायेत!"

आमच्याकडे भात फुलोऱ्यात असलं की दुपारपर्यंत खाचरात कुणी उतरत नाही. धक्का लागला तर फुलोरा झडतो, दाणा पोचट राहतो. जन्मभराची सवय... आबांचा उचललेला पाय तसाच मागे गेला.

मग ते उभ्या उभ्या बघत राहिले. गुरुजी गालातल्या गालात हसत होते.

"सुले, तुरं पोटाखाली कशापायी? तितं वारं लागंल व्हय? वरच्या अंगाला पायजेत," आबा म्हणाले.

चुकलंच होतं माझं! मी तिथल्या तिथे तुरे काढून डोक्यावर बसवले.

"आन् पाऊस आला तर?"

"मग मान खाली घालत्यात," मी म्हटलं. यावर आबांनी मान डोलावली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

बाराची घंटा झाली. आबा प्राण्यांना वळसा घालून आत आले. गुरुजींनी विचारलं, "नाव काढायचं ना?"

आबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "ऱ्हाऊ द्या गुरुजी. फुलोऱ्यात हाय पोर... आत्ता हात लावायला नगं."

गुरं मग आईने सांभाळली. पुढे मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि परागकणांच्या धड्याला दर वर्षी पोरांना जगात नसलेला प्राणी करायला लावला. आबांना अक्षर वाचता येत नव्हतं... पण माझी पहिली वही त्यांनीच तपासली, असं मी आजही मानते.