स्टिअरिंग गुडघ्याला लागतं

चहा गरम आहे तोवर ऐकून घ्या, कारण अशी शोभा मी आयुष्यात एकदाच करून घेतली आहे. म्हणजे, एवढी मोठी एकदाच.

माझा दादा इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत सॉफ्टवेअरमध्ये होता. मी त्याच गावात एका हॉटेलात तंदूर सांभाळतो. तो सहा फुटी आणि हुशार, मी नववी नापास आणि त्याच्या खांद्याखाली. त्याने एक स्पोर्ट्स कार बुक केली होती. शोरूममधून नाही हो. गावाबाहेर एक शेड, शेजारी कोंबड्या, आत चार माणसं आणि एक कुत्रा. वर्षाला मोजक्या गाड्या हाताने बनवतात. गाडीला दारं नाहीत, छप्पर नाही. आणि देश कुठला, तर पावसाचा. मी म्हटलं, "दादा, ही गाडी आहे की बाथटब?" तर म्हणाला, "बसलास की कळेल."

असाच विचित्र होता तो. दिवाळीत मला बूट घालायला लावले, भिंतीला टेकवून जमिनीवर बसवलं आणि पायांचं माप घेतलं. म्हणे, वहिनी तुला पँट शिवणार आहे. वहिनीला सुईत दोरा ओवता येत नाही. पँट काही आली नाही.

थंडी सरायच्या आत दादा गेला. झोपेतच. गाडी त्यानंतर आली.

मी ती रोज पुसायचो. आत मात्र बसलो नाही. दादाच्या सीटवर मी कसा बसणार?

मग एका शनिवारी दादाचा नागपूरचा मित्र निलेश आला. तोही सहा फुटी. "जरा फिरवून आणतो," म्हणत आत शिरला आणि अडकला. गुडघे थेट स्टिअरिंगला. सीट मागे सरकवावी, तर या गाड्यांत ती सरकतच नाही. गिऱ्हाइकाचं माप घेऊन सीट आणि पेडल कायमचे बसवतात. वहिनीने आणि मी बगलेत हात घालून त्याला उपसून काढला.

"ही तुझ्या दादाची नाहीच बे," तो कंबर चोळत म्हणाला. "कोण्या बुटक्याची आहे. माणूस गेला, आता कोण विचारतो, म्हणून दुसऱ्याची चिकटवली तुम्हाला."

झालं. माझं डोकं तापलं की तंदूरसुद्धा लाजतो. दादाला जिवंतपणी कोणी फसवू शकलं नाही, आणि गेल्यावर फसवणार? हॉटेलच्या व्हॅनला भाड्याचा ट्रेलर जोडला, निलेशने आणि मी गाडी ढकलून वर चढवली, वहिनीला शेजारी बसवलं आणि निघालो.

"भाऊजी, आधी फोन करून विचारू या ना."

"वहिनी, फोनवर कॉलर धरता येत नाही."

शेडचे मालक रॉजर, सत्तरीचे, हातात चहाचा मग. माझं इंग्रजी किचनमधलं, त्यातलं निम्मं शिव्यांचं. उरलेल्या निम्म्यात मी त्यांना सुनावलं. "माझा भाऊ सहा फूट. ही गाडी बुटक्याची. भावाची गाडी कुठे आहे? आणि तो बुटका कुठे आहे? त्याला माझ्यासमोर उभा करा."

रॉजरनी मला वरून खाली पाहिलं. फार वेळ लागला नाही. मागे एक कामगार उगाच खोकला.

"गाडी नको असेल तर परत घेतो," ते शांतपणे म्हणाले. "एक डेंटिस्ट रांगेत आहेत, याच बांध्याचे. आजच नेतील."

"नेऊ द्या."

"विचार केलास?"

"मी विचार करत नाही."

"ते दिसलं," रॉजर म्हणाले. "मग तूच ट्रेलरवरून उतरव. माझी पाठ धरली आहे."

आता आली का पंचाईत? पण मीच तोंड वाजवलं होतं. दादाची मनातल्या मनात माफी मागितली, चढलो, बसलो. पाय लांब केले, आणि दोन्ही पाय पेडलवर असे गेले, जसे घरच्या चपलांत जातात. हात स्टिअरिंगवर. गुडघे कशालाच लागेनात.

मी परत पाय काढले, परत ठेवले. तसंच.

रॉजर ट्रेलरला टेकून उभे होते. "आता शेजारची सीट बघ," ते म्हणाले. "ती सहा फुटी माणसाच्या मापाची आहे. तुझा भाऊ म्हणाला होता, चालवणार धाकटा. मी नुसता शेजारी बसून फिरणार, असं म्हणाला."

शेजारची सीट मागपर्यंत लांब, रिकामी. मी हात लांब करून ती तळव्याने पुसली.

"भाऊजी," वहिनी खालून हळूच म्हणाली, "काय झालं?"

"वहिनी," मी म्हटलं, "पँट आली."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि ती हसता हसता रडायला लागली. त्या लांब सीटवर येऊन बसली, तर तिचे पाय कशालाच टेकेनात.

रॉजरनी खिशातून फोन काढला. "मग त्या डेंटिस्टना काय सांगू?"

मी बाहीने तोंड पुसलं.

"सांगा, बुटका सापडला. पण गाडीतून उतरायला तयार नाही."